गरमी झालेली सून

"लग्नाआधी यवतला रोज कुणाला भेटाया जात हुतीस?"

सासूने हे विचारलं तेव्हा मला चौथा महिना होता आणि माझे दोन्ही हात पिठात होते. मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाले, "पोरांना टायपिंग शिकवायला जात होते, आत्या. कुणाला भेटायचंच असतं तर पाटसमध्येच भेटले असते. एसटीचे धक्के खात यवतपर्यंत कशाला गेले असते?"

त्यांना उत्तर नको होतं, त्यांना माझं रडणं हवं होतं. मी रडले नाही म्हणून त्या आणखी चिडल्या. "बघा, तोंड कसं चाललंय," म्हणत परसात निघून गेल्या.

माझं माहेर पाटसजवळच्या एका वाडीवर. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. बी.कॉम. झाल्यावर मी यवतच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. हायवेला उभं राहायचं, मिळेल ती एसटी पकडायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची. मग शिरूरचं स्थळ आलं. मुलगा हायस्कूलला गणिताचा मास्तर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्याचे वडील मार्केट यार्डात मापाडी होते, ते वारलेले. घरात आई आणि एक धाकटी बहीण. पत्रिका जुळली. आमच्या लोकांनी त्यांच्या गल्लीत चौकशी केली, त्यांच्या लोकांनी आमच्या वाडीवर केली. दोन्हीकडून 'घराणं चांगलं' एवढंच कळलं. मे महिन्यात लग्न झालं आणि दिवाळीच्या सुमारास मला दिवस गेले.

चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते. इथे नवराच म्हणणार आहे.

शिरूरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे माझं नाव घातलं होतं. गरोदर बाईच्या रक्ताच्या ज्या तपासण्या करतात त्या त्यांनी केल्या आणि दोन-चार दिवसांनी मला परत बोलावलं. नवरा शाळेत होता, मी एकटीच गेले. त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं. मला वाटलं, बाळाचं काही झालं.

"बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. दुसऱ्या पद्धतीनेही तपासून घेतलं, म्हणून खात्रीने सांगतेय. एचआयव्ही नाही, तेही तपासलंय."

"मराठीत काय म्हणतात?"

"उपदंश." मला तोही शब्द माहीत नव्हता. मग त्या म्हणाल्या, "जुनी माणसं गरमी म्हणतात."

हा शब्द मला माहीत होता. दोन बाया नळावर भांडल्या की एकमेकींच्या नवऱ्यांना हा रोग बहाल करायच्या. दौंडला स्टेशनच्या वाटेवर भिंतींवर चुन्याने रंगवलेलं असायचं, 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज'. कॉलेजला जाताना आम्ही मुली ती भिंत आली की दुसरीकडे बघायचो. तो रोग कुणाला होतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. हायवेवरच्या तमाशाच्या थेटरातल्या बायांना, ट्रकवाल्यांना, परराज्यातून कंपनीत कामाला आलेल्यांना. म्हणजे जो कोणी आपला नाही, त्याला.

"मला कसा होईल?" मी विचारलं.

"तुला का नाही होणार?" त्यांनी शांतपणे विचारलं. "लग्न झालंय ना?"

"पण मी तसलं काही..."

"तू काही केलं नाहीस हे मला सांगायची गरज नाही. इथे ज्या बायका या रोगाच्या निघतात, त्यातल्या बहुतेकींनी आयुष्यात एकच गोष्ट केलेली असते. लग्न."

ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. कुठल्या तरी वाईट वस्तीत जाऊन मी धोका पत्करला नव्हता. हळद लावून, अक्षता झेलून, सगळ्या भावकीच्या साक्षीने पत्करला होता.

त्या दिवशी त्यांनी मला बराच वेळ दिला. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. गरमीची पहिली जखम दुखत नाही, आपोआप बरी होते, म्हणून माणसाला वाटतं की संपलं. बाईची जखम आत असते, तिला दिसतच नाही. मग अंगावर, तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग येतात, तेही आपोआप जातात. रोग मात्र रक्तात बसून राहतो. पोटातल्या बाळापर्यंत पोहोचला तर बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. "पण आपल्याला वेळेत कळलंय," त्या म्हणाल्या. "पेनिसिलिनची इंजेक्शनं आहेत. जुनं औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं."

"असे आणखी किती रोग असतात?"

"पुष्कळ. आणि गरमीपेक्षा कितीतरी जास्त पसरलेले. काहींनी बाईला काहीच त्रास होत नाही आणि आतल्या आत नळ्या बंद होतात, मग मूल राहत नाही. लोक तिला वांझ म्हणतात. एक विषाणू तर एवढा साधा आहे, की संबंध आलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो, आपला आपण जातोही. जात नाही त्या थोड्या बायकांना पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. सर्दी-खोकल्यासारखेच रोग आहेत हे. फरक एवढाच, की सर्दी झाली म्हणून कुणी कुणाची अब्रू काढत नाही."

मग त्यांनी विचारलं, नवऱ्याच्या अंगावर कधी डाग आले होते का?

आले होते. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या दोन्ही तळहातांवर तांबूस ठिपके उठले होते. तो म्हणाला, खडूची अॅलर्जी आहे. नवी नवरी मी, रोज त्याच्या हातांना खोबरेल चोळत बसायचे. सुट्टीत शाळा बंद असताना खडूची अॅलर्जी कशी होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "लॅबची चूक असेल," तो म्हणाला. मी म्हटलं, दोनदा तपासलंय. "तरी असेल," म्हणाला आणि जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूचा तो प्रश्न आला. म्हणजे त्याने आईला सांगितलं होतं, पण अर्धंच. 'हिच्या रक्तात दोष निघालाय' एवढंच. दोष कुठून आला हे सांगायचं टाळलं, आणि उरलेलं आईने स्वतःच्या मनाने जुळवलं. यवतची नोकरी, रोजची एसटी, हायवेवर एकटीने उभं राहणं, सगळं त्यांना आठवलं. माझा ताट-तांब्या वेगळा झाला. माझे कपडे मशीनमधून काढून बाहेर टाकले गेले. ताटाने किंवा कपड्याने हा रोग होत नाही हे मी सांगून पाहिलं. पण त्यांना रोगाची भीती नव्हतीच, त्यांना शिक्षा करायची होती.

मी नवऱ्याला म्हणाले, "पहिलं इंजेक्शन मंगळवारी. तुम्हीही चला, तुमचं रक्त तपासू."

"मी मास्तर आहे. शिरूर केवढं आहे? कुणी पाहिलं तर?"

"आणि मी कोण आहे? मी दवाखान्यात गेले तर कुणाला दिसत नाही?"

मी माझं अंथरूण नणंदेच्या खोलीत नेलं. नणंद तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होती. तिने काही विचारलं नाही, फक्त तिची गादी सरकवून मला जागा केली. नंतर एक दिवस मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, दादाने आईला हे सांगायला पाहिजे. तुम्ही का ऐकून घेता?"

"ऐकून घेत नाही," मी म्हटलं. "थांबलेय."

पहिल्या इंजेक्शनला मी एकटीच गेले. कमरेखाली देतात, घट्ट औषध असतं, ठणका दोन दिवस राहतो. त्याच आठवड्यात कुणीतरी फोन करून माझ्या आईला बोलावून घेतलं. ती न्हावऱ्याच्या रस्त्याने एसटीने आली. सासूबाई तिच्याशी चहापुरतंही नीट बोलल्या नाहीत. आईने मला परसात नेलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे, पोरी. चल माझ्यासंगं. बाळातपण तिकडंच करू. पुरुषाचं काय, आंघूळ केली की त्यो मोकळा. बाईचं तसं नसतंय."

"मी आले की झालंच," मी म्हटलं. "मग यांनी मनात जे धरलंय ते खरं ठरेल. मी काही केलेलं नाही आणि मी कुठे जाणार नाही."

"लोकं काय म्हंतील?"

"लोक म्हणतात ते इथे बसून ऐकेन. पळून गेले तर ऐकायलाही मिळणार नाही आणि उत्तरही देता येणार नाही."

आई रडत परत गेली. तिला एसटीत बसवून द्यायला स्टँडवर गेले तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण मी निर्णय बदलला नाही.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरीणबाई कडक बोलल्या. "नवऱ्याने उपचार घेतले नाहीत तर मी तुला बरं करीन आणि तो तुला पुन्हा देईल. भोक पडलेल्या टाकीत पाणी भरण्यात अर्थ नाही. त्याला आण."

दवाखान्यातून मी घरी न जाता सरळ त्याच्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. पटांगण पोरांनी भरलं होतं. फाटकापाशी उभी राहिले, पोट दिसत होतं, पदर नीट केला आणि शिपाईमामांना म्हटलं, "सरांना बोलवा, घरून आलेय म्हणावं." नवरा जिना उतरून धावत आला. बाळाचं काही झालं का, असं त्याने विचारलं. खरोखर घाबरला होता, हे मला आत कुठेतरी बरं वाटलं.

"बाळाचं अजून काही झालेलं नाही," मी म्हटलं. "पण होऊ शकतं. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. नाहीतर मी वर येते आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलते. तुम्ही ठरवा."

"वेडी झालीस का?"

"अजून नाही."

मागे घंटा झाली, पोरं वर्गात पळाली. मग तो हेडमास्तरांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला.

त्याचं रक्त माझ्यासारखंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि त्यांच्यापुढे, माझ्यादेखत, त्याने सांगितलं. लग्नाच्या आदल्या वर्षी तो पुण्यात बी.एड. करत होता. तिथे एका बाईशी संबंध होता, तो शाळेत लागल्यावरही काही महिने चालला. तीही शिकलेली, नोकरी करणारी. 'तसली' कुणी नव्हती. लग्नाआधीच्या हिवाळ्यात त्याला जखम झाली. तो भिंतीवरचा पत्ता वाचून एका वैदूकडे गेला, त्याने कसल्या पुड्या दिल्या, जखम बरी झाली. पुड्यांनी नव्हे, ती बरी होणारच होती. त्याला वाटलं, मिटलं.

"त्या बाईला कळवलंत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"तिलाही असणार. तिचं पुढे लग्न झालं असेल, तिला मूल होणार असेल. तिला कळवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कळवा. माझ्यासमोर फोन करा, नाहीतर बाहेर जाऊन करा, पण करा." त्याने तो फोन केला, पुढच्या काही दिवसांत. तिने काय म्हटलं ते मी विचारलं नाही. तिच्यावर माझा राग नव्हता. तिलाही कुणीतरी दिलाच असेल, आणि ज्याने दिला त्यालाही कुणी दिला असेल.

खरं सांगते, लग्नाआधी त्याचा कुणाशी संबंध होता याने मला जेवढं लागलं, त्याच्या कितीतरी पट जास्त दुसऱ्या गोष्टीने लागलं. सगळं माहीत असून तो आईला बोलू देत होता. माझा ताट-तांब्या वेगळा झालेला रोज बघत होता आणि आमटी ओरपत होता. दवाखान्याच्या पायरीवर मी त्याला तेच सांगितलं. "आईला सांगायचं. आज. मी समोर असताना."

त्याने सांगितलं. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. तो त्यांच्यासमोर खाली बसला आणि मान वर न करता म्हणाला, "आई, माझ्यामुळं झालंय हिला. लग्नाच्या आधीचं. हिचा काही दोष नाही."

सासूबाईंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "पुरुषाच्या जातीचं असतंय कवाकवा. त्याचं एवढं मनावर घ्याचं न्हाई."

मी तोपर्यंत दारात उभी होते. पुढे झाले. "मी यवतला टायपिंग शिकवत होते तर रांड ठरले. यांनी खरंच केलं तर 'कवाकवा असतंय'? आत्या, हा रोग बाईला आणि पुरुषाला वेगवेगळा होत नाही. रक्त सारखंच निघालंय दोघांचं. मग न्याय वेगळा कसा?"

माझ्या तोंडून तो शब्द सासूसमोर निघाला याचं मलाच नवल वाटलं. नणंद आतून येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. सासूबाई उठल्या, लसणाची पाटी घेऊन आत गेल्या.

चार-पाच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. माझा ताट-तांब्या मात्र परत मांडणीवर आला. नवऱ्याचीही इंजेक्शनं सुरू झाली. फळ्यापाशी लंगडत शिकवायचा आणि पोरांना सांगायचा, गाडीवरून पडलो. मला त्याचं हसू यायचं, आणि हसू आलं याचा राग यायचा.

मग एक दुपारी मी गहू निवडत होते आणि सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. गहू हातात घेतले, खडे काढायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला दोन झाली. दोन्ही पोटातच गेलेली. एक सातव्यात, एक आठव्यात."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"सासू म्हनायची, पोरं खानारी हाय. अंगारे झाले, नवस झाले, माळ्याच्या विहिरीवर उतारे टाकले. तुझे सासरे तवा मालाच्या गाडीसंगं मुंबईला जायाचे." मग म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरणीला इचार. त्ये ह्याच्यामुळं असंल का?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असू शकतं, नसूही शकतं, इतक्या वर्षांनी कुणी सांगू शकणार नाही. पोटात मूल जायला इतरही कारणं असतात. पण त्या बाईचं रक्त तेव्हा कुणी तपासलं नाही, एवढं मात्र नक्की. त्यांचं आता तपासू, घेऊन ये, असंही म्हणाल्या.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता कशाला? ज्यांनी बोल लावले ती समदी मेली." त्या काही दवाखान्यात आल्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा म्हटलं, तरी नाहीच आल्या. पण त्या दिवसानंतर माझ्या चारित्र्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. माफीही मागितली नाही. मी ती धरून बसले नाही, पण विसरलेही नाही.

मला मुलगी झाली. जन्मल्याबरोबर तिचं रक्त तपासलं, पुढेही दोन-तीनदा तपासलं. ती स्वच्छ निघाली. आम्हा दोघांचंही रक्त पुन्हा तपासत राहिलो, आणि डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी सांगितलं, की आता मिटलं. नवऱ्याबरोबर संसार पुन्हा लागायला त्याहून जास्त वेळ लागला. तो लागला, एवढंच सांगते. त्याने बदलायचा प्रयत्न केला आणि मी तो पाहिला.

मुलगी चालायला लागली त्या सुमाराला नणंदेचं लग्न ठरायला आलं. स्थळ दौंडचं, मुलगा रेल्वेत. मुलगा-मुलगी एकमेकांशी फोनवर बोलत होते, दोघांची पसंती होती. बैठकीला मुलाकडचे आले, त्यात मुलाचे चुलते पुढारी होते. पांढरी टोपी, कडक इस्त्री, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. कार्यालय कुठलं, जेवण काय, मानपान कसा, सगळं बोलून झालं. आप्पा म्हणाले, "तर मग पानसुपारी करायची का?"

मी चहाचा ट्रे ठेवला आणि तिथेच उभी राहिले. "आप्पा, एक राहिलंय. दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेऊ. एचआयव्ही, कावीळ, गरमी. मुलीच्याही आणि मुलाच्याही."

आप्पांनी नवऱ्याकडे पाहिलं, जणू मी बोललेच नव्हते. "मास्तर, ह्ये काय? आमच्या पोरावर संशय घेता व्हय?"

"संशय नाही," मीच बोलले. "पत्रिका बघतो तेव्हा संशय घेतो का? सातबारा बघतो तेव्हा? मग रक्त बघायला काय हरकत आहे?"

"आमच्या घराण्यात असले रोग न्हाईत, बाई. आम्ही माळकरी मानसं. तुमच्या घरात निघाला का काय हा रोग, म्हनून एवढी म्हायती?"

हा वार त्यांनी गंमत म्हणून केला होता. दोघे-तिघे हसलेसुद्धा. मी म्हणाले, "हो, निघाला होता. मला गरमी झाली होती. या मुलीच्या वेळी पोटुशी असताना कळलं. इंजेक्शनं घेतली, बरी झाले. बघा, मी तुमच्यासमोर उभी आहे आणि मुलगी अंगणात खेळतेय."

हसणारे थांबले. सासूबाई आतल्या दारात होत्या, त्यांनी चौकट धरली. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्याने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. तो घसा साफ करून म्हणाला, "तिला माझ्याकडून झाला होता, आप्पा. मीही चांगल्या घरातलाच होतो. चौकशी केली असती तर सगळ्यांनी चांगलंच सांगितलं असतं."

आप्पा उठले. "चला रे," म्हणाले. "ह्या घरात सोयरीक न्हाई करायची." चपला घालता घालता आणखी बरंच बोलले. मुलगा शेवटी उठला. नणंद आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "मी माझी तपासणी उद्याच करतेय. तुम्ही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. काकांना विचारून ठरवणार असाल, तर मग राहू द्या."

तो चपला घालून काकांच्या मागे गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. भावकीतल्या बायांनी मला तोंडावर सुनावलं, ननंदेचं जमलेलं लगीन मोडलंस. सासूबाईंनी मात्र एका बाईला दारातून परत पाठवलं. "माझ्या सुनेनं इचारलं त्ये बराबरच इचारलं," असं म्हणाल्या. मी आत स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं.

दहा-बारा दिवसांनी मुलाचा नणंदेला फोन आला. तो दौंडच्या दवाखान्यात जाऊन तपासणी करून आला होता. "सगळं ठीक आलं," तो म्हणाला, "आणि नसतं आलं तरी तुला सांगितलं असतं. आधी औषध घेतलं असतं, मग लग्न." नणंदेने मला ते दोनदा ऐकवलं. तिचंही ठीकच आलं होतं. लग्न झालं, दौंडलाच झालं. आप्पा आले नाहीत. कार्यालयात त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि लोक त्याच्याकडे बघत बघत जेवले. जेवण चांगलं होतं.

त्यानंतर माझं नाव सगळीकडे झालं. बाजारात दोन बाया कुजबुजतात, मला बघून गप्प होतात. मी मुद्दाम त्यांच्याच शेजारी उभी राहून कोथिंबीर घेते. पण त्याच बायांपैकी एखादी कधी घराशी येते, चहा पिते, इकडचं तिकडचं बोलते आणि उठता उठता विचारते, "अंगावरून जातंय, वास येतोय, ह्ये त्यातलं हाय का?" मी डॉक्टर नाही. मी सांगते, प्रत्येक पांढरं जाणं त्यातलं नसतं, पण दुखत नसलं तरी काही रोग असतात, म्हणून दाखवून घ्यायचं. एकटीने नाही, नवऱ्यालाही न्यायचं. बहुतेकींचा इथे चेहरा पडतो. नवऱ्याला कसं न्यायचं?

परवा आमच्या मागच्या गल्लीतली एक सून आली. लग्नाला वर्ष झालंय. लघवीला जळजळ आहे, ओटीपोटात दुखतं. सासू म्हणते, उष्णता आहे, सब्जा घे. नवरा म्हणतो, तुझी नाटकं आहेत. तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही त्यांना शाळेतून वढून न्येलं म्हनं. खरं हाय का?"

"ओढून नाही. फाटकात उभी राहिले."

"माझे तर कंपनीत हायत. फाटकात सोडत न्हाईत."

"मग आधी तू चल. फाटकाचं नंतर बघू."

मी मुलीला सासूबाईंकडे सोपवलं, स्कूटी काढली. ती मागे बसली, तोंडाला ओढणी गुंडाळून घेतली. डोळे तेवढे उघडे ठेवले. पोस्टाजवळ वळताना म्हणाली, "कुनी बघितलं तर?"

मी म्हटलं, "बघू दे."